बंदर स्पोर्टिंगचं वाटोळं

शिवडीच्या मैदानाचे चारही कोपरे मंगळवारी दुपारी नाहीसे झाले. सकाळी ते जागच्या जागी होते. माळ्याने त्यांच्यावरून चुन्याची रेघ ओढली, तो जेवायला गेला आणि परत येऊन बघतो तर मैदान ताटासारखं गोल झालेलं, आणि कोपऱ्यांवरची चार निशाणं एका बाजूला घोळका करून उभी. संध्याकाळपर्यंत बातमी बंदर स्पोर्टिंगच्या पाठीराख्यांमध्ये पसरली, पण कोणी ती फारशी मनाला लावून घेतली नाही. कॉर्नरवरून आपला कधी गोल झालाच नाही, मग कोपरे असले काय नि नसले काय, असं बहुतेकांचं मत पडलं. गुणाजी धुरी तेवढा घरी जाऊन न जेवता झोपला.

बंदर स्पोर्टिंग हा मुंबईचा जुना फुटबॉल क्लब. गोदीतल्या लोकांनी काढलेला, पुढे पगारी खेळाडूंचा झालेला, आणि आता देशातल्या मोठ्या लीगमध्ये शेवटून पहिला. हिंदीत बंदर म्हणजे माकड, तेव्हा बाहेरगावच्या मैदानांवर या संघाचं स्वागत कसं होत असेल ते सांगायला नको. या मोसमात तर त्यांनी एकही गोल केला नव्हता. चेंडू खांबाला लागे, समोरच्या बचावपटूच्या गुडघ्याला लागे, एकदा पंचांच्या पाठीला लागून परत आला. प्रशिक्षक दर सामन्यानंतर मैदान खडबडीत असल्याचं सांगत. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणत लोक घरी जात आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊन त्याच जागेवर बसत. क्लबचं वाटोळं झालं, हे तर ते कित्येक वर्षं म्हणत आले होते.

मग कोपरे जायच्या आदल्या दिवशी मालकाने जाहीर केलं की मोसम संपला की क्लब उचलून दुसऱ्या शहरात नेणार. पाठीराख्यांची चार माणसं त्याला भेटायला गेली, त्यात गुणाजीही होता. मालकाने चहा दिला आणि शांतपणे सांगितलं की घरच्या मैदानावर, घरच्या माणसांसमोर एक गोल करून दाखवा, क्लब शिवडीतच ठेवतो. घरचा एकच सामना शिल्लक होता, येत्या रविवारचा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी ती काडी घेऊन चौघं परत आले.

आता कोपरे का गेले, हे गुणाजीला ठाऊक होतं. मैदानाच्या एका कोपऱ्यात उंबराखाली एक दगड आहे. तो मैदानाचा राखणदार. शिवडी-लालबागकडची निम्मी माणसं मूळची कोकणातली, त्यामुळे दर सामन्याआधी त्या दगडासमोर गाऱ्हाणं घालायची रीत पडून गेली होती. एकाने देवापुढे उभं राहून मोठ्या आवाजात मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून जोर द्यायचा. हे काम दाजी कोचरेकरांचं. पण मागच्या रविवारी दाजींचा घसा बसला होता, तोंडातून नुसती हवा येत होती. लोक एकमेकांकडे बघू लागले तेव्हा गुणाजी पुढे झाला.

“बा राखणदारा म्हाराजा,” तो म्हणाला, “ह्या मैदानार एकदा गोल होऊ दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण मागायचं तर काही द्यायलाही हवं, आणि आपल्याकडे द्यायला काय आहे याचा विचार करताना त्याला एकच गोष्ट सुचली.

“गोल झालो की मी ह्या मैदानात परत पाय ठेवचंय नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” लोक सवयीने, एका सुरात ओरडले. कोणी अडखळलंसुद्धा नाही. गुणाजी लग्नाआधीपासून पूर्वेच्या पायऱ्यांवर खांबाजवळ बसत आला होता आणि इतक्या माणसांतल्या एकाने तरी जरा थांबावं असं त्याला वाटलं होतं. त्याला ते लागलं. पण सामना सुरू झाला, आणि नेहमीसारखा संपला.

बुधवारी तो दाजींकडे गेला. दाजींचा आवाज अजून पुरता आला नव्हता. त्यांनी गुणाजीला समोर बसवून त्याचं गाऱ्हाणं पुन्हा शब्दाला शब्द म्हणायला लावलं आणि कपाळाला हात लावला.

“गाऱ्हाण्यात नाव सांगूक व्हया, गाव सांगूक व्हया,” ते कुजबुजले. “कोणाचो गोल, खंयचो गोल, कोणाच्या पायान, ता सगळां सांगूक व्हया. देव काय फुटबॉल खेळता? तू मागलंस गोल. त्यान दिल्यान गोल.”

गुणाजीने विचारलं की मग नवस फिटला का, रविवारचा सामना बघायचा की नाही. दाजींनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. खिडकीचा खालचा डावा कोपरा त्याच वेळी आत वळत होता.

“अजून पुरो झालो नाय,” दाजी म्हणाले. “पुरो झालो की फेडूचो.”

दुसरं गाऱ्हाणं घालून शब्द दुरुस्त करता येतील का, असंही त्याने विचारून पाहिलं. पहिलं फिटल्याशिवाय दुसरं घालत नाहीत, असं दाजींनी सांगितलं, आणि तसंही राखणदार कोपऱ्यात असतो, कोपराच राहिला नाही तर गाऱ्हाणं घालायचं कुणापुढे. गुणाजी मैदानावर जाऊन बघून आला. उंबर होता, दगड कुठे दिसला नाही.

गुरुवारी त्याच्या दुकानात काम बंद पडलं. गुणाजीचं शिवडी नाक्यावर तसबिरींना चौकटी घालून देण्याचं दुकान. लाकडी पट्ट्या तिरक्या कापायच्या, टोकाला टोक जुळवायचं, खिळा मारायचा. त्या दिवशी खिळा आत जाईपर्यंत जोड वाकून जाई आणि हातात कडं उरे. एक गिऱ्हाईक वडिलांचा फोटो घ्यायला आलं. फोटोही गोल झाला होता, त्यात वडिलांचे खांदे मावले नव्हते. गिऱ्हाइकाने तो उजेडात धरून पाहिला आणि चेहरा आलाय ना, मग पुरे, असं म्हणून पिशवीत टाकला. पिशवीही गोल होती. गुणाजीने दुकानाची फळी लावली, म्हणजे लावायचा प्रयत्न केला, आणि ती तशीच भिंतीला टेकवून घरी गेला.

घरी त्याच्या बायकोचं, इंदुमतीचं, फारसं काही अडलं नव्हतं. तवा गोल, भाकरी गोल, परात गोल. पाट गोल झाला एवढंच, आणि उंबरठा वाकून दारात कमान उलटी टाकावी तसा पडला होता. दिवाळीला शंकरपाळ्यांचं काय करायचं ते दिवाळीत बघू, असं ती म्हणाली. गुणाजीने तिला गाऱ्हाण्यातलं मागणं सांगितलं. देणं सांगितलं नाही. तिने तीस-बत्तीस वर्षांत एकदाही मैदानात पाऊल टाकलं नव्हतं, तिला हे सांगून काय कळणार, असं त्याने मनाशी म्हटलं, पण खरं कारण ते नव्हतं. ती काय विचारेल याची त्याला भीती वाटत होती.

शुक्रवारी रस्ते गोल झाले. गुणाजी लाकडाच्या वखारीत जायला निघाला आणि मैदानाच्या फाटकापाशी पोचला. त्याला वाटलं, चुकून पाय इकडे वळले. तो उलट दिशेने निघाला, नाका ओलांडला, पुलाखालून गेला आणि पुन्हा फाटकापाशी आला. तिथे आणखी बरीच माणसं उभी होती. एक बँकेत निघालेला होता, एक बाई लेकीच्या सासरी निघालेली होती. कोणी चिडलं नव्हतं. बसवाल्याने शेवटचा थांबा आला म्हणून सांगितलं आणि सगळे उतरले. थोडा वेळ उभं राहून लोक आत जाऊन पायऱ्यांवर बसले, कारण बसायला तिथेच जागा होती. शनिवारी दुपारपर्यंत पायऱ्या भरल्या. एवढी गर्दी क्लबच्या चांगल्या दिवसांतसुद्धा कधी झाली नव्हती.

शनिवारीच प्रशिक्षकांनी पाठीराख्यांशी संवाद ठेवला होता. उद्याची योजना काय, असं कोणीतरी विचारलं. प्रशिक्षक म्हणाले की आम्ही तयारीवर भर देतोय, तयारी झाली की आत्मविश्वास येतो, आणि आत्मविश्वास आला की तयारीवर भर देता येतो. तेही वळून वळून तिथेच येत होते, पण ते आधीपासूनचं होतं, त्यात राखणदाराचा दोष नव्हता.

त्याच दुपारी इंदुमती आली. ती भाजी आणायला निघाली होती. पिशवी हातात, आणि चेहऱ्यावर चुकीच्या लग्नाच्या मांडवात शिरलेल्या बाईचे भाव. गुणाजीने सरकून तिला खांबाजवळची आपली जागा दिली. तिने मैदान पाहिलं, गवत पाहिलं, सराव करणारे पिवळ्या जर्सीतले खेळाडू पाहिले. त्यांतला उंच, मान खाली घालून धावणारा कोण, असं तिने विचारलं. तो रॉजर तुस्कानो, आपला आघाडीपटू, वसईचा, असं गुणाजीने सांगितलं. मुलगा थकलेला दिसतो, असं इंदुमती म्हणाली. मोसमभर लोकांनी रॉजरला काय काय म्हटलं होतं, पण हे कोणी म्हटलं नव्हतं.

मग तिने मैदानावरची नजर न काढता विचारलं, “देवाक तुमी काय देवचा कबूल केल्यात?”

कोणीतरी तिला सांगितलं असणार. एवढी माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली होती. गुणाजीने सांगून टाकलं.

“मगे दर रविवारी काय करशात?”

“घरी बसान.”

“घरी बसान काय करशात?”

त्याला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी मोठं दुःख होईल. तसं काही झालं नाही. सगळ्या आठवड्यात त्याला तसं काहीच होत नव्हतं. इतक्या पराभवांनंतर माणसाच्या आत एक बधिरपणा भरतो, दात काढल्यावर गालाला येतो तसा, आणि गुणाजी त्या बधिर गालाने बोलत होता. इंदुमतीने पिशवीतून दोन केळी काढली, एक त्याला दिलं. केळीही जवळजवळ टोकाला टोक लागेपर्यंत वळली होती.

रविवारी सकाळी गोलचे खांब वाकले. दोन उभे खांब आणि वरचा आडवा, तिन्ही मिळून एक लोखंडी कडं झालं, मैदानाच्या या टोकाला एक आणि त्या टोकाला एक. जाळी मागे लोंबत राहिली. पाहुण्या संघाच्या कप्तानाने कड्याला हात लावून पाहिला आणि मान डोलावली. पंचांनीही हरकत घेतली नाही. दोन्ही बाजूंचे रेषापंच एकाच गोल रेषेवर एकमेकांच्या मागे धावू लागले. लोकांच्या डोळ्यांचे कोपरेही रात्रीत गेले होते. ज्यांना रडू येत होतं त्यांचं पाणी कुठून बाहेर पडायचं ते न कळून डोळ्यांतच राही, त्यामुळे सगळ्यांना सामना थोडा पाण्याखालून दिसत होता.

खेळ सुरू झाला आणि मैदान आवळू लागलं. आधी कळलं नाही. मग पहिल्या पायरीवरच्या माणसांचे गुडघे रेषेला लागले. मध्यंतरापर्यंत ती माणसं रेषेच्या आत उभी होती, आणि पूर्वेच्या पायऱ्या पश्चिमेच्या पायऱ्यांकडे सरकत आल्या होत्या. पाहुण्यांचेही पाठीराखे आले होते, कुठल्यातरी दूरच्या शहरातून, आणि ते पलीकडच्या बाजूने तसेच आत ढकलले जात होते. खेळाडूंना धावायला जागा उरली नाही. ते चालत खेळू लागले, मग नुसते जागेवर उभे राहून एकमेकांच्या पायांतून चेंडू सरकवू लागले. रॉजर गुणाजीच्या एवढा जवळ आला की त्याच्या घामाचा वास येत होता. त्याच्या ओठांवर काहीतरी चाललं होतं, बहुतेक प्रार्थना.

दोन्ही कडीही एकमेकांकडे सरकत होती, आणि लहान होत होती. आधी दाराएवढी, मग परातीएवढी. उत्तरार्धाच्या शेवटी ती एकमेकांना टेकली आणि एकच झाली. आता एकच कडं होतं. इकडून पाहिलं तर पाहुण्यांचा गोल, तिकडून पाहिलं तर आपला. दोन्ही गोलरक्षक त्याच्या दोन बाजूंना उभे होते आणि गर्दीमुळे त्यांना हात वर करता येत नव्हते. कड्यातून पलीकडचं कोणीच दिसत नव्हतं, नुसतं उन्हाचं एक वाटोळं होतं.

“दाजीनू, पुरो झालो काय?” गुणाजीने मान मागे न वळवता विचारलं. मान वळवायला जागा नव्हती.

“होत इलो,” दाजी मागून म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता.

रॉजरला चेंडू मिळाला तेव्हा कडं चेंडूएवढंच उरलं होतं. मागे जाऊन धाव घ्यायला जागा नव्हती. त्याने अर्धं पाऊल मागे घेतलं, कोणाच्या तरी पायावर पाय दिला, माफी मागितली आणि चेंडू मारला. चेंडू सरळ कड्यात गेला आणि तिथे बसला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. बाटलीला बूच बसावं तसा घट्ट.

पंच कसेबसे वाकले, त्यांनी कड्याच्या कडेने डोळा लावून पाहिलं आणि सरळ झाले. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की चेंडू पूर्ण पलीकडे पडला तर बंदर स्पोर्टिंगचा गोल, अलीकडे पडला तर पाहुण्यांचा. वेळ संपत आली आहे. खेळाडूंनी हात लावायचा नाही. प्रेक्षकांच्या हातांबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

कडं गुणाजीच्या छातीशी होतं. त्याच्याएवढं जवळ दुसरं कोणी नव्हतं. आजूबाजूची सगळी माणसं त्याच्याकडे बघू लागली, आणि पाण्याने भरलेल्या त्या वाटोळ्या डोळ्यांत आग्रह नव्हता, नुसतं थांबणं होतं. चेंडू पलीकडे पडला की लोक रॉजरला उचलतील, क्लब शिवडीत राहील, पुढच्या रविवारी हीच माणसं इथे येऊन बसतील, आणि आपण येणार नाही, हे गुणाजीला स्पष्ट दिसत होतं. तरीही त्याला गोल हवा होता. आयुष्यात त्याला दुसरं काहीच एवढं हवंसं झालं नव्हतं. आणि आता तो हाताशी आल्यावर काही वाटत नाही, याचं त्याला वाईट वाटलं. बऱ्याच दिवसांनी वाटलेली ती पहिली गोष्ट.

इंदुमतीने त्याची बाही धरून ठेवली होती. ती तिने सोडली.

“ढकला,” ती म्हणाली.

गुणाजीने दोन्ही तळहात चेंडूवर ठेवले. चेंडू गरम होता. त्याने खांद्याचा जोर लावला तसा चेंडू बोटभर पुढे सरकला, थांबला, आणि तेवढाच मागे आला. त्याने पुन्हा जोर लावला. चेंडूच्या पलीकडूनही कोणीतरी दोन्ही तळहात लावून ढकलत होतं, अगदी तेवढ्याच जोराने, आणि त्या माणसाच्या शेजारून एक बाई हळू आवाजात, गुणाजीला न कळणाऱ्या भाषेत, त्याला एकच शब्द सांगत होती.